मांजर खाते

तीनशे रुपये कुठल्या खाती टाकू, मी विचारलं.
आण्णा चौगुले नुसता चष्मा पुसत राहिले.
हमाली नाही, तोलाई नाही,
बारदान्यात बसत नाही,
धर्मादाय म्हणावं तर पावती जनावरांच्या दवाखान्याची:
मांजर, मादी, एक. नसबंदी. सवलतीचा दर.

एकतीस वर्षं मी या वखारीची कीर्द लिहितो.
सांगलीच्या मार्केट यार्डात सगळंच पिवळं होतं,
माझी कॉलर, चहाचे कप, नोटा
आणि मांजरं.
पांढरं जन्मलेलं पिल्लू
महिन्याभरात नवरी होतं इथं.
बारमाही हळद लागलेली,
मग व्हायचं तेच व्हायचं, दर चार महिन्यांनी.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात.
आमची पिवळी सात गाळे दाखवायची.
सातव्यापर्यंत पोचायची एक किंवा दोन.
बाकीची थप्पीमागं, ट्रकच्या मागच्या चाकाखाली,
एकदा तर पॉलिशच्या ड्रममध्ये.
ते मी लिहिलं नाही.
कीर्दीत तसा रकाना नसतो.

आण्णांचं म्हणणं, येणाऱ्या जीवाला अडवणारे आपण कोण?
दिवे लागायच्या आत जेवणारा माणूस,
मुंगी दिसली तर पाय उचलून धरणारा.
त्यांना उत्तर दिलं मालन ऐवळेनं,
चाळणीवरची मान वर न करता:
"येणारा दिसतोय तुमाला, आण्णा.
जाणारी मी उचलते की सुपात घालून.
सा म्हैन्यात अकरा."

आण्णा त्या दिवशी सौद्याला गेले नाहीत.

डॉक्टर उपाध्येबाईंनी पिंजरा दिला,
मालननं सुके बोंबील आणले.
चौगुल्यांच्या वखारीत बोंबील!
आण्णा नाकाला रुमाल लावून पार गेटपाशी जाऊन उभे.
मी श्वास धरून एक बेरीज तीनदा केली,
तिन्ही उत्तरं वेगळी आली.

रिक्षात मालनच्या मांडीवर पिंजरा,
पिंजऱ्यावर तिचाच पदर:
"भिऊ नगंस. माझंबी झालंय,
कवठ्याला, शिबिरात, तिसऱ्याच्या पाठीवर.
शाळेच्या वर्गात ओळीनं निजवल्यालं,
फळ्यावर गणित तसंच अर्धं.
एक बादली दिली हुती, निळी.
तुला काय बादली करायची म्हणा."
मी ड्रायव्हरशेजारी,
पैशाची पिशवी छातीशी धरून.
मिरज रोड एवढा लांब कधी नव्हता.

पोटावर तीन टाके.
डाव्या कानाचं टोक उडवलेलं,
नमुना काढलेल्या पोत्याला खूण करतात तसं,
म्हणजे पुन्हा कुणी धरायला नको.
मालननं विचारलं, हळद लावू का वर?
डॉक्टरीणबाई पिवळीकडं बघून म्हणाल्या,
"आणखी?"

चौथ्या दिवशी ती थप्पीच्या टोकावर.
पाचव्या दिवशी एक उंदीर
आण्णांच्या गादीपाशी आणून ठेवलेला.
आण्णांनी पाय उचलून धरले.

पाडव्याला नवी वही पूजली,
कुंकू वाळायच्या आत मी एक पान उघडलं.
मांजर खाते.
नावे: माद्या नऊ, बोके चार.
रिक्षाभाडं.
बोंबील, मालन ऐवळे यांस रोख (घेत नव्हत्या).
आण्णांनी सगळं वाचलं, बोंबलावर बोट ठेवलं.
"आहार लिहा."
खोडून आहार लिहिलं.
वास काही गेला नाही.

तळाशी शिल्लक काढायला बसलो तर जुळेना.
गेट नंबर दोनचा तो एकडोळ्या,
पिंजरा न पडू देता
बोंबील तेवढा काढून नेतो, रोज,
आणि समोर बसून दोन्ही कान टवकारतो. शाबूत कान.

बोका एक,
येणे बाकी.